डावीकडचा मागचा कोपरा

गाडी लावून मी खाली उतरले, तर पिवळं जॅकेट घातलेले एक आजोबा लगबगीने माझ्याकडे आले आणि फार आपुलकीने म्हणाले की लग्न पुढच्या फार्मवर आहे, मी एक वळण आधीच आत शिरले. व्हर्जिनियाच्या त्या डोंगराळ भागात द्राक्षांचे मळे भाड्याने घेऊन आपल्या लोकांची लग्नं होतात, शनिवार होता, आणि माझ्या कानात झुमके होते. त्यामुळे आजोबांचा अंदाज अगदीच वाऱ्यावरचा नव्हता. मी त्यांना सांगितलं की मी लग्नाला आलेली नाही, तुमच्याच मैदानावर गाणी ऐकायला आले आहे. त्यांनी माझ्या खांद्यावरून गाडीत डोकावून पाहिलं, मागच्या सीटवर कोणी झोपलंय का ते. मग विचारलं, "जस्ट यू?"

मी राहते त्या अ‍ॅशबर्नमध्ये हाच प्रश्न आठवडाभर मला मराठीतून विचारला जात होता. एकटीच? तिकडे? कंट्री म्युझिकला? एका मैत्रिणीने तर "तिथे आपली माणसं नसतात गं" हे अशा आवाजात सांगितलं होतं, की जणू मी वाघाच्या पिंजऱ्यातच चालले आहे. आणि आता इथे हे आजोबा. कुठेही जा, पळसाला पानं तीनच. मी म्हणाले, "जस्ट मी," आणि डिकीतून घडीची खुर्ची काढून खांद्याला अडकवली.

मी त्या दिवशी तिथे का होते हे आधीच सांगून टाकते, कारण गाण्यांची आवड हे अर्धंच कारण होतं. उरलेलं अर्धं कारण म्हणजे मी पळून आले होते.

आमच्या मराठी मंडळाचं लेझीम पथक आहे. गणपतीच्या मिरवणुकीला एका शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये आम्ही बायका लेझीम खेळतो. हे पथक मी उभं केलं. साताऱ्याच्या शाळेत पीटीच्या बाईंनी आम्हाला उन्हात उभं करून जे शिकवलं, तेच मी इथे कानात ऑफिसची मीटिंग म्यूट करून आलेल्या बायकांना शिकवलं. पहिल्या रांगेच्या मधोमध मी, गळ्यात माझी शिट्टी, आणि आमच्याकडे तोंड करून हलगी वाजवायला माझा नवरा. वर्षानुवर्षं ही अशीच मांडणी होती. तो हलगी फार सुंदर वाजवतो. हे मी तेव्हाही म्हणायचे आणि आताही म्हणते. हलगीशी माझं काही भांडण नाही.

गेल्या वर्षी आमचा घटस्फोट झाला. भांडी फुटली नाहीत, पोलीस आले नाहीत. लेक कॉलेजला गेली आणि घरात उरलेल्या दोन माणसांपाशी एकमेकांना सांगण्यासारखं काही राहिलं नाही, हे आम्ही दोघांनी मान्य केलं, एवढंच. मंडळाला मात्र ते मान्य होईना. शनिवारच्या जेवणांची आमंत्रणं हळूहळू आटली, कारण ती जोडप्यांची असतात आणि टेबलाभोवती विषम खुर्ची बरी दिसत नाही. ते मी सोडून दिलं. आमटी मी माझ्यापुरती बरी करते.

मग काकूंचा फोन आला. या काकू म्हणजे आमच्या मंडळातल्या सगळ्यांत ज्येष्ठ. माझ्या बाळंतपणाला माझ्या आईला व्हिसा मिळाला नाही, तेव्हा डिंकाचे लाडू आणि शेपाची भाजी घेऊन याच काकू रोज दारात उभ्या राहायच्या. त्यामुळे त्यांच्यावर रागवायचं म्हणजे आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"अगं, यंदा तू जरा मागच्या रांगेत राहतेस का?" त्या म्हणाल्या. "तो समोर हलगीवर आणि तू बरोब्बर त्याच्यासमोर. नवीन फॅमिलीज जॉइन होतात, क्वेश्चन्स विचारतात. सगळ्यांना ऑकवर्ड होतं गं."

"मग हलगी दुसऱ्या कोणाला तरी द्या ना, काकू."

यावर त्या हसल्या. हलगी वाजवणारा दुसरा कुठून आणायचा, असं म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या की मी समजूतदार आहे म्हणून तर त्या मला सांगतायत. मराठीत बाईला कोणी समजूतदार म्हटलं की तिने ओळखावं, आता आपल्याकडून काहीतरी काढून घेणार आहेत. त्याला कोणी समजूतदार म्हटलं नाही. त्याची हलगी जागच्या जागी राहिली आणि हलायचं ते मी. शनिवारी संध्याकाळी सहाला प्रॅक्टिस आहे, तेव्हा रांगा ठरतील, तोवर सांग, असं म्हणून काकूंनी फोन ठेवला.

मी काही सांगितलं नाही. मी त्याच शनिवारचं फेस्टिवलचं तिकीट काढलं. मागे उभं राहण्यापेक्षा नसलेलं बरं, असं मला वाटलं, आणि त्यात मोठा बाणेदारपणा आहे अशी माझी समजूत होती.

या गाण्यांची गोडी मला गाडीने लावली. वेगळं झाल्यावर जुनी गाडी माझ्या वाट्याला आली. तिला फोन जोडता येत नाही, आणि तिच्या रेडिओवर स्वच्छ लागतं ते एकच स्टेशन. मी डेटा सेंटरमध्ये काम करते. दिवसभर पंख्यांची घरघर डोक्यात असते. तिथून बाहेर पडून गाडी सुरू केली की कोणीतरी बाई खड्या आवाजात सांगू लागायची, की ती किल्ल्या टेबलावर ठेवून निघाली आहे आणि कुत्रा बरोबर नेते आहे. सुरुवातीला मला हसू यायचं. मग एकदा सिग्नलला मी हमसून रडले आणि मागच्याने हॉर्न दिला. माझ्या लहानपणी रेडिओवर जी विरहाची गाणी लागायची, त्यांत बाई खिडकीत वाट बघत बसलेली असायची. ही बाई टाकी फुल करून निघायची. मला ती फार आवडली. त्या शनिवारी, सूर्य मावळल्यावर, जिच्या गाण्याने मला सिग्नलला रडवलं होतं ती गायिका स्वतः गाणार होती.

गेटवर पारदर्शक पिशवीचा नियम होता. माझ्या पिशवीत पाण्याची बाटली, टोपी, फॉइलमध्ये गुंडाळलेले धपाटे आणि ठेच्याची इवलीशी डबी होती, आणि पिशवी पारदर्शक असल्यामुळे ते सगळ्या जगाला दिसत होतं. तिथला दांडगा रक्षक म्हणाला की बाहेरचं खाणं आत चालणार नाही, आणि त्याने कचऱ्याच्या पिंपाकडे बोट दाखवलं. पहाटे उठून थापलेले धपाटे मी पिंपात टाकणार? मी त्याला विचारलं की पोटात घालून नेले तर चालतील का. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला की तशी काही बंदी नाही.

मग मी त्याच्या शेजारी, पिंपाला टेकून, सगळे धपाटे ठेच्याला लावून खाल्ले. रांग माझ्या बाजूने आत सरकत होती. बूट, हॅट, तळहाताएवढे बक्कल. लोक बघत होते. ठेचा झणझणीत होता, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण मी घाई केली नाही. शेवटचा घास संपवून फॉइल पिंपात टाकली आणि मनगट पुढे केलं. त्याने त्यावर कागदी पट्टा चिकटवला आणि म्हणाला की वास फार मस्त येत होता. आधी बोलला असतास तर एक तुला दिला असता रे, मी म्हणाले, मराठीत, आणि आत गेले.

मैदान उताराचं होतं, खाली स्टेज आणि पलीकडे निळसर डोंगर. लोकांनी ब्लँकेटं अंथरली होती, तान्ही मुलं कानांवर मोठाले हेडफोन लावून झोपली होती, तळणाचा आणि चिरडलेल्या गवताचा वास होता. एकट्या माणसाला जागा कुठेही मिळते. दोन मोठ्या कुटुंबांच्या मधल्या फटीत माझी खुर्ची बरोबर बसली, स्टेजच्या बऱ्यापैकी जवळ. डावीकडच्या बाईंनी विचारलं की मी कोणाची वाट बघतेय का. उजवीकडच्यांनीही विचारलं. थोड्या वेळाने डावीकडच्या बाईंनी पुन्हा विचारलं, तेव्हा मी म्हणाले की ज्याची वाट बघत होते ती आली, मीच ती. त्या बिचाऱ्या हसल्या आणि त्यांनी मला सनस्क्रीन देऊ केलं. ते मात्र मी घेतलं नाही. माझ्या कातडीने साताऱ्याचं ऊन काढलंय.

स्टेजवर एक पांढऱ्या केसांच्या बाई गिटार घेऊन गात होत्या. आवाज थोडा फाटका होता आणि त्याची त्यांना पर्वा नव्हती. मी बूट काढले, पाय गवतात ठेवले, डोळे मिटले. खूप दिवसांनी माझ्या मानेवरचं ओझं उतरलं. आणि फोन वाजला.

काकूच होत्या. मी एक कान हाताने दाबून धरला. केवढा आवाज गं, कुठे आहेस, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की मी फेस्टिवलला आले आहे, लांब आहे, रात्री उशिरा परत येईन, संध्याकाळच्या प्रॅक्टिसला काही मी येत नाही. हे वाक्य मी आठवडाभर मनात घोळवलं होतं. त्यानंतर काकू काय म्हणतील तेही ठरवलं होतं. असं कसं, तुझ्याशिवाय पथक कसं होईल, राग आला का तुला, असं काहीतरी त्या म्हणतील, मग मी ताठ राहीन, मग त्या विनवतील.

"अगंबाई, हो का?" काकू म्हणाल्या. "बरं, बरं. मग राहू दे. यंदा रेस्ट घे तू. एन्जॉय कर हं."

त्यांच्या आवाजात जी सुटका होती ती त्या सगळ्या गोंगाटातूनही मला स्वच्छ ऐकू आली. सुंठीवाचून खोकला गेला होता. माझा बाणेदारपणा त्यांना इतका सोयीचा पडेल असं मला वाटलं नव्हतं. मी रागावून घरी बसावं, म्हणजे कोणालाच काही सांगावं लागणार नाही, कोणाला ऑकवर्ड होणार नाही, आणि वर्षभराने सगळे म्हणतील की तिनेच सोडलं ना पथक. मी फोन पिशवीत टाकला. गिटारवाल्या बाई पुढे काय गायल्या त्यातलं मला एक अक्षर समजलं नाही. माझे कान तापले होते, आणि ते उन्हाने नव्हे.

बसवेना म्हणून मी बूट चढवून उठले. मैदानाच्या कडेला एका मोठ्या तंबूतून ढोलाचा ठेका येत होता, त्या दिशेने पाय गेले. आत लाकडी फळ्यांची जमीन टाकली होती आणि मैदानाच्या उतारामुळे ती एका बाजूला कलली होती. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगण खरोखरच वाकडं होतं, म्हणजे सबब आयती तयार होती. लाल बूट घातलेल्या, साठी ओलांडलेल्या एक बाई कानाला माइक लावून नाच शिकवत होत्या. याला लाइन डान्स म्हणतात. जोडीदार लागत नाही, कोणाचा हात धरावा लागत नाही, सगळे रांगांत उभे राहून एकच पावलं टाकतात. हे कळल्यावर मी आत शिरले.

आणि कुठे जाऊन उभी राहिले? डावीकडे, अगदी मागे, कोपऱ्यात. तिथे काकू नव्हत्या, मंडळ नव्हतं, नवरा नव्हता. समजूतदार म्हणायला कोणी नव्हतं. तरी माझी मी, आपणहून, मागची रांग शोधून तिच्या टोकाला उभी राहिले. पुढच्यांचं बघून पाय टाकू, चुकलं तर कोणाला दिसणार नाही, असा साधा विचार होता.

बाईंनी पावलं सांगितली. उजवीकडे सरका, मग डावीकडे, टाच पुढे, पाय आपटा, आणि शेवटी डावीकडे एक पाव वळण. सोपं होतं. गाणं सुरू झालं. माझ्यापुढे एक मुलगी होती, तिच्या बुटांवर नजर ठेवून मी बरी नाचत होते. मग ते पाव वळण आलं, सगळे डावीकडे वळले, मीही वळले, आणि माझ्यासमोर कोणीच नव्हतं.

तंबूची ती बाजू उघडी होती. समोर मैदान, आणि हातात लिंबूपाण्याचे पेले घेऊन उभे असलेले लोक, ज्यांना बघायला मीच पहिली सापडले होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या नाचात दर खेपेला तोंड नव्या बाजूला होतं. कडेची रांग पुढची होते, मग मागची रांग पुढची होते. कायमचं पुढे कोणी नाही आणि कायमचं मागेही कोणी नाही. मी कोपऱ्यात लपले होते, आणि सगळा तंबू आता माझ्या पाठीमागे उभा राहून माझे पाय बघत होता.

मला पळून जावंसं वाटलं. पण पळायची माझी त्या दिवसाची हौस फिटली होती. मी तिथेच पाय आपटत राहिले, अर्धे चुकीचे, अर्धे बरोबर. आता वळण येईल आणि मी मागे जाईन, असं मनाशी म्हणत होते. वळण आलं, आणि मी पुन्हा पुढेच. मागची आख्खी रांग आता पुढची झाली होती आणि मी तिच्या टोकाला.

तेवढ्यात गाण्यातला ढोल जड झाला. तिथे सगळ्यांनी टाच आपटायची होती. माझं शरीर मात्र थेट साताऱ्याला गेलं. हातात लेझीम नाही, काही नाही, तरी मी कमरेतून वाकले, दोन्ही मुठी पायाशी नेल्या, एक आवाज तिथे, मग उठून एक आवाज छातीपाशी. मागून मोठा हुंकार ऐकू आला. मी मान वळवून पाहिलं तर माझ्यामागचे लोक वाकले होते. त्यांनी समोर पाहिलं, समोर मी होते, मी वाकले म्हणून ते वाकले. त्यांत माझ्या बरोब्बर मागे भली मोठी हॅट घातलेले एक गृहस्थ होते. पोट मोठं, गुडघे जुने. ते एका हाताने हॅट आणि दुसऱ्या हाताने गुडघा धरून परमेश्वराचं नाव घेत होते.

लाल बुटांच्या बाई माइकवर म्हणाल्या की हे त्यांनी शिकवलेलं नाही, पण हरकत नाही. तंबू हसला. मीही हसले, आणि खरं सांगते, त्या हसण्यात मला काडीची लाज वाटली नाही. नाच फिरत फिरत पुन्हा त्याच बाजूला आला, तेव्हा मागचे काही जण माझ्याकडे बघत तयारच उभे होते. मी वाकले. तेही वाकले. हॅटवाल्यांनी या खेपेला नुसतीच मान वाकवली.

गाणं संपल्यावर ते माझ्याकडे आले. त्या स्टेपचं नाव काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, माफ करा, ती या नाचातली नाहीच, आमच्याकडची आहे, तेव्हा हातात लोखंडी चकत्यांची वाजणारी लेझीम असते. ते चकित झाले. त्यांना मी बाईंची मदतनीस वाटले होते.

"मी? का बरं?"

"यू वेअर अप फ्रंट," ते म्हणाले. यापेक्षा अधिक कारण त्यांना लागलं नव्हतं.

लाल बुटांच्या बाई पाणी पीत तिथेच उभ्या होत्या. लपायला कोपऱ्यात गेली होतीस ना, असं त्यांनी हसून विचारलं. नवीन माणूस नेहमी तिथेच जातो, म्हणाल्या, आणि तिथेच फसतो, कारण कोपऱ्यातल्याला दोन बाजूंना पुढे यावं लागतं. लपायचंच असेल तर अगदी मधे उभं राहावं, कुठेही तोंड केलं तरी पुढे कोणीतरी असतं.

"मला लपायचं नाहीये," मी म्हणाले.

ते मी फारच जोरात म्हणाले. बाई एक पाऊल मागे सरकल्या. ते वाक्य त्यांच्यासाठी नव्हतंच, पण बाहेर पडलं ते तिथे पडलं, आणि एकदा कानांनी ऐकल्यावर मला त्याच्यापासून सुटका नव्हती.

मी खुर्चीपाशी परत आले. दुपार कलायला लागली होती. ज्या गायिकेसाठी मी आले होते, तिला अजून बराच अवकाश होता. मला तिला ऐकायचं होतं. फार ऐकायचं होतं. पण ती तिकडे गाताना मी इथे गवतात बसून काय करणार होते? ती निघून जाण्याची गाणी म्हणणार आणि मी डोळे पुसणार, आणि त्याच वेळी अ‍ॅशबर्नमध्ये माझी जागा कोणीतरी निमूटपणे भरून टाकणार. माझ्याच पथकातून मी स्वतःला घालवून दिलं होतं, आणि त्यासाठी पेट्रोलही स्वतःचं जाळलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी दोर घरून घेऊन आलेला. मी खुर्ची मिटली. डावीकडच्या बाईंनी विचारलं की निघालीस कुठे, ती तर अजून गायची आहे. मी त्यांना म्हणाले की माझ्या वाटणीचं तुम्ही ऐका.

पार्किंगमध्ये पिवळ्या जॅकेटवाले आजोबा तसेच उभे होते. इतक्या लवकर का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की घरी ढोल वाजणार आहेत आणि मला नाचायला जायचंय.

"म्हणजे लग्न होतंच," आजोबा समाधानाने म्हणाले. मी त्यांना दुरुस्त केलं नाही.

रस्ताभर मी रेडिओ लावला नाही. भीती वाटत होती, ती काही खोटी नव्हती. मनात भांडणं रचत होते. काकूंना हे म्हणेन, ते म्हणेन, त्यालाही दोन शब्द सुनावीन. उतार संपला, घरं दाट झाली, मग आमची ती बिनखिडक्यांची डेटा सेंटरं दिसायला लागली, तोवर सगळी भांडणं करून संपली आणि एकही कामाचं निघालं नाही. भांडले असते तर काकू रडल्या असत्या, आणि काकू रडल्या की जिंकल्या. आरशाला माझी शिट्टी लटकत होती. रांग बदलायला सांगितली होती, पण शिट्टी परत मागायचं कोणालाच सुचलं नव्हतं. वळणांवर ती हलत होती, आणि तिच्याकडे बघता बघताच मला काय करायचं ते कळलं.

शाळेच्या जिममध्ये पोचले तेव्हा रांगा लागल्या होत्या. पुढे हलगी गळ्यात घालून तो, त्याच्या शेजारी घडीच्या खुर्चीवर काकू. पहिल्या रांगेच्या मधोमध पुण्याहून नुकत्याच आलेल्या एक वहिनी उभ्या होत्या, लेझीम उलटी धरून. मला बघताच कुजबुज थांबली. काकूंची नजर माझ्या बुटांवरच्या गवतावरून मनगटावरच्या कागदी पट्ट्यावर गेली.

"तू येणार नव्हतीस ना?" त्या म्हणाल्या.

"आले, काकू. मागची रांग म्हणाला होतात ना? चालेल मला."

काकूंचा चेहरा इतका उजळला की क्षणभर मलाच वाईट वाटलं. समजूतदार आहे पोर, असं त्या बाजूच्यांना म्हणाल्या. मी पेटीतून लेझीम घेतली आणि सगळ्या रांगा ओलांडून मागे गेले. डावीकडचा मागचा कोपरा मोकळा होता. तिथे उभी राहिले. लेझीम खांद्याला लावली. त्याने मान वर करून एकदा बघितलं आणि हलगीच्या कातड्याला बोटं टेकवली. तो काही बोलला नाही. बोलायची सवय असती तर बहुधा एवढं सगळं झालंच नसतं.

मग मी शिट्टी तोंडात धरली आणि शाळेतल्या पीटीच्या बाईंच्या आवाजात, त्या जिमचं छत हलेल अशा आवाजात, हुकूम दिला.

"पथक, पीछे मुड!"

ज्या बायका माझ्या हाताखाली शिकल्या होत्या त्या लगेच वळल्या. डोक्याने विचार करायच्या आधी त्यांचे पाय वळले. त्यांचं बघून बाकीच्या वळल्या. पुण्याच्या वहिनी सगळ्यांत शेवटी वळल्या, आणि त्यांनी सोडलेला निःश्वास मला कोपऱ्यापर्यंत ऐकू आला. मीही वळले. माझ्यासमोर आता बास्केटबॉलची जाळी, भिंत आणि घड्याळ होतं. माझ्यामागे आख्खं पथक होतं. आणि पथकाच्याही मागे, सगळ्यांत शेवटी, काकू, खुर्ची आणि हलगी.

"अगं, हे काय चाललंय?" काकूंचा आवाज लांबून आला.

"तुम्ही सांगितलेल्या जागेवरच उभी आहे, काकू," मी मागे न बघता म्हणाले. "एक पाऊलही हललेली नाही."

कोणीतरी फिसकन हसलं. मी लेझीम पायाशी नेऊन वाकून थांबले. माझ्या पाठीमागे बाकीच्या लेझमांच्या चकत्या खळखळत खाली गेल्या, म्हणजे त्याही वाकल्या होत्या. आता वाजवायचं की निघून जायचं, हे त्याचं त्याने ठरवायचं होतं. मी ठरवून मोकळी झाले होते.

हलगी वाजली. पाठीमागूनही ती तेवढीच स्वच्छ ऐकू येते.